शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?

मॅडम, नमस्कार. माझं वय ४६. सांगलीत माझं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेते, ते दुपारी एकपर्यंत तव्यासमोर उभीच. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात डाव्या पोटरीवर पहिली शीर वर आली. बाळंतपणानंतर जाईल म्हणाले, गेली नाही. आता तो मुलगा बारावीला आहे आणि माझ्या मांडीपासून घोट्यापर्यंत हिरव्या-निळ्या गाठी झाल्यात, व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या. साडी जरा वर गेली तरी लाज वाटते. संध्याकाळी पाय मणामणाचा होतो, रात्री पोटरीत गोळे येतात. वर्षभरात घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडलीय, खाजते.

एका दवाखान्यात पाय बघून लगेच म्हणाले, ‘फोमचं इंजेक्शन देऊ, चिरफाड नाही, अर्ध्या तासात घरी.’ आगाऊ पैसे भरले तर सवलत. डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लागेल का विचारलं, तर म्हणाले, ‘शिरा नुसत्या डोळ्यांनी दिसतायत, कशाला?’ दुसऱ्या डॉक्टरांनी लेझर सांगितलं, खर्च जवळजवळ तिप्पट. माझ्या जाऊबाईंनी तीन वर्षांपूर्वी फोम घेतला होता. त्यांच्या पोटरीवर तपकिरी पट्टा राहिला आणि शिरा परत आल्या. सासूबाई म्हणतात, शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, पाय वाळेल. शेजारचे काका म्हणतात, जळवा लावून वाईट रक्त काढून टाका. मी काय करू?

ता. क. वांगं-बटाटा बंद करू का? आणि मला अधूनमधून अर्धशिशी होते, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते. पण ती फार जुनी आहे, पायाशी तिचा संबंध नसावा.

– एक वाचक, सांगली

ताई,

सासूबाईंपासून सुरुवात करते. तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच आहे, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात मला तो इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर पाठ झालंय. त्यांना विचारा, ओळखीत कुणाची हृदयाची बायपास झालीय का. झाली असेल, तर त्या माणसाच्या पायाच्या आतल्या बाजूने वर चढत गेलेला लांबलचक व्रण त्यांनी पाहिला असेल. हृदयासाठी पायातून जी शीर काढून घेतात, ती बहुतेक वेळा हीच, तुमच्या पायात बिघडलेली. तिला ग्रेट सॅफेनस म्हणतात. घोट्याच्या आतून निघते, मांडीच्या आतून चढते आणि जांघेत खोल शिरेला मिळते. ती काढून घेतली म्हणून बायपासवाल्यांचे पाय वाळत नाहीत. सकाळी बागेत फेऱ्या मारताना दिसतात की. पायातल्या रक्ताचे दहातले जवळपास नऊ भाग स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातात. कातडीखालच्या शिरा म्हणजे गल्लीबोळ, हमरस्ता आत आहे.

तरीही एका बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूची. खोल शिरेत पूर्वी कधी गुठळी होऊन ती बुजली असेल, तर हमरस्ता बंद आणि सगळी वाहतूक गल्लीतून, अशी अवस्था असू शकते. अशा पायात वरची शीर बंद केली तर उरलेली वाटही गेली. पाय नुसता वरून बघून हे कुणाला कळत नाही. तीस वर्षं हेच काम करून मलाही कळत नाही. म्हणून डॉपलर न करता सुई उचलणाऱ्या दवाखान्यात पैसे भरू नका, सवलत असली तरी. शिरा डोळ्यांना दिसतात हे खरं, पण दिसतो तो भिंतीवरचा ओलावा. पाइप कुठे फुटलाय ते भिंत खोलल्याशिवाय कळत नाही, आणि इथे भिंत न खोलता ते दाखवणारं यंत्र हाताशी आहे.

आता बिघाड काय झालाय ते बघू. पायाच्या शिरांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. वर ढकलायचं काम पोटरीचं. आपण चाललो की पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त चढतं. माणूस स्तब्ध उभा असला की घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालायला लागला की धडधाकट पायात तो ३०च्याही खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनसुद्धा तेवढा उतरत नाही. आणि तुम्ही तर चालतच नाही. आठ तास एका जागी, समोर धगधगता गॅस. उष्णतेने शिरा आणखी सैलावतात. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, हार्मोन्समुळे शिरांच्या भिंती ढिल्या पडतात आणि वाढत्या गर्भाचा भार ओटीपोटातल्या शिरांवर येतो. पहिली शीर सातव्या महिन्यात दिसली ती त्यामुळे. आईला किंवा मावशीला हा त्रास होता का, आठवून बघा. पुष्कळदा तो घराण्यातून येतो.

पत्रात तुम्ही गाठींबद्दल भरभरून लिहिलंय आणि घोट्याबद्दल एकच ओळ. मी उलट केलं असतं. गाठी दिसायला वाईट, पण काळजी घोट्याची. साचलेल्या दाबामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक शिरांच्या भिंतीतून बाहेर झिरपतात, त्यांच्यातलं लोह कातडीत उरतं आणि तिथे काळपट-तपकिरी रंग चढतो. मग खाज, मग कातडी कडक होते, आणि एखाद्या दिवशी खाजवताना किंवा पाटाचा कोपरा लागून तिथे जखम होते ती महिनोन्‌महिने भरत नाही. आम्ही या आजाराच्या पायऱ्या ० ते ६ अशा मोजतो. गाठी आल्या की दुसरी पायरी, कायमची सूज तिसरी, कातडी बदलली की चौथी. बरी झालेली जखम पाचवी, उघडी जखम सहावी. तुमच्या वर्णनावरून तुम्ही चौथीवर आहात. ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणायचा टप्पा मागे पडला, एवढं समजा. आणि हो, खाज म्हणजे नायटा समजून मेडिकलमधून कुठलीशी ट्यूब आणून चोळत असाल तर आजपासून बंद. त्या ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, कातडी आणखी पातळ होते. खोबरेल तेल चालेल.

डॉपलर मात्र नीट झाली पाहिजे. ही तपासणी उभं राहून करायची असते: तुम्ही उभ्या, भार दुसऱ्या पायावर, आणि डॉक्टर पोटरी दाबून सोडतात. सोडल्यावर रक्त खाली परत येतंय का, किती वेळ येतंय, हे पडद्यावर दिसतं. वरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप गळतेय असं धरतात. झोपवून पाच मिनिटांत उरकलेल्या तपासणीत ही गळती लपून राहते. सोनोग्राफीच्या खोलीत गेल्यावर ‘उभं राहून करणार ना?’ असं विचारायला संकोच करू नका. डॉक्टर चिडले तर चिडू देत.

आता फोम. फोम म्हणजे फेस, रिठ्याचा असतो तसा. औषधं मुख्यतः दोन. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे साबणाच्याच जातकुळीचं, आणि पोलिडोकॅनॉल हे मुळात बधिर करायचं औषध म्हणून पुढे आलेलं. शिरेत औषध टोचून ती बंद करायची कल्पना खूप जुनी आहे, पण पातळ औषध मोठ्या शिरेत सोडलं की रक्तात मिसळून वाहून जायचं. १९४४मध्ये ऑरबाख नावाच्या डॉक्टरांनी औषधाच्या पुढे हवा सोडून रक्त बाजूला सारायची युक्ती मांडली. १९९०च्या दशकात स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या हुआन काब्रेरांनी औषधाचाच बारीक फेस करून मोठ्या शिरा बंद करून दाखवल्या. तरी तो फेस करायचा कसा हे सगळ्यांच्या हातात आलं ते २०००च्या सुमारास, इटलीच्या लोरेंझो टेसारींमुळे. त्यांची रीत इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. दोन सिरिंजा, मध्ये सलाइनच्या नळीला असते तशी तीन तोंडांची तोटी. एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा. वीसेक वेळा इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलायचं. दाट पांढरा फेस तयार.

हा फेस रक्ताला पुढे रेटतो आणि शिरेची पोकळी स्वतः भरून टाकतो. थोडंसं औषध, पण ते शिरेच्या सगळ्या भिंतीला लागतं. आतलं अस्तर सोलवटतं, शीर आकसते, भिंती एकमेकींना चिकटतात, आणि पुढच्या काही महिन्यांत तिची बारीक दोरी होऊन शरीर ती जिरवून टाकतं. फेस काही मिनिटांतच विरायला लागतो, म्हणून तुम्ही टेबलावर, सोनोग्राफीचा प्रोब पायावर, सुई शिरेत, आणि मगच फेस घुसळायचा. पडद्यावर तो पांढराशुभ्र सरकताना दिसतो. तो कुठवर गेला हे डॉक्टरांना सतत दिसत असलं पाहिजे. अंदाजाने मारलेला फोम मला मान्य नाही. एका बैठकीत साधारण १० मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांचं ठरलेलं आहे. मोठ्या गाठी असतील तर दोन-तीन बैठका लागतात. ‘एका इंजेक्शनात काम तमाम’ हे जाहिरातीतलं वाक्य आहे.

मी शिकत होते तेव्हा या शिरांचं ऑपरेशन म्हणजे कमरेत भूल, जांघेत चीर, आणि आख्खी शीर तारेने ओढून काढायची. मांडीत वरच्या बाजूला शीर बांधायची पद्धत जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९०मध्ये मांडली, तिचं नाव अजून आमच्या तोंडात आहे. हे ऑपरेशन यादीत कायम शेवटी असायचं आणि सगळ्यात ज्युनियर मुलांच्या वाट्याला यायचं. परत शिरा येणाऱ्या रुग्णांची संख्या पाहता त्याची किंमत आम्ही नंतर मोजली. त्यामुळे फोम आणि लेझर आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. फोमला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. ज्यांना भूल झेपत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना, ऑपरेशननंतर परत उगवलेल्या वेड्यावाकड्या शिरांना, जिथे लेझरची तार वळूच शकत नाही अशा नागमोडी फांद्यांना, आणि घोट्याच्या जखमेखाली जाळं करून बसलेल्या शिरांना फोमइतकं सोपं हत्यार नाही. ब्रिटनमध्ये जखमा असलेल्या ४५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१८मध्ये छापून आला. ज्यांच्या शिरा लवकर बंद केल्या त्यांची जखम निम्म्या लोकांत ५६ दिवसांत भरली, ज्यांना आधी नुसती पट्टी बांधून थांबवलं त्यांना ८२ दिवस लागले. त्यात अनेकांना फोमच दिला होता.

पण मांडीतली मुख्य शीर रुंद असेल तर फोम तिथे कमी पडतो. फेस भिंतीला सगळीकडे सारखा लागत नाही, आणि बंद झालेली शीर काही महिन्यांनी परत उघडते. युरोपातल्या रक्तवाहिनी-सर्जन मंडळींच्या २०२२च्या मार्गदर्शिकेत मुख्य शिरेसाठी फोमचा विचार साधारण ६ मिलिमीटरपेक्षा बारीक शिरेतच करा असं सुचवलंय. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३मध्येच क्रम लावून दिला होता: आधी उष्णतेने शीर बंद करणं, म्हणजे लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (आरएफ), ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर ऑपरेशन. तिथल्याच ११ हॉस्पिटलांतल्या ७९८ रुग्णांची लेझर, फोम आणि ऑपरेशन अशी तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९मध्ये आले. पायाच्या त्रासाच्या मोजमापात लेझर आणि ऑपरेशनवाले फोमवाल्यांपेक्षा बरे होते. याच अभ्यासात लेझरवाल्यांच्या उरलेल्या फांद्यांना गरज पडल्यावर फोमच दिला होता, हे मात्र कुणी सांगत नाही. खोड लेझरने, फांद्या फोमने, अशी वाटणी बऱ्याच पायांत योग्य ठरते. त्यामुळे ‘फोम की लेझर’ असं विचारलंत तर मी विचारीन, जांघेपाशी शीर किती मिलिमीटर? त्या आकड्याशिवाय तुम्हाला कुणीही उत्तर देत असेल, तर तो स्वतःकडे जे यंत्र आहे ते विकतोय. तुमच्या मांडीपर्यंत गाठी आहेत आणि अठरा वर्षांचा आजार आहे, म्हणून शीर रुंद निघेल असा माझा होरा. पण होराच.

आणि आता ती अर्धशिशी. शेवटच्या ओळीत, वांग्याबटाट्याच्या मागे लपवलेली. तुमच्या पत्रातली फोमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. दर चार माणसांमागे सुमारे एकाच्या हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमधलं जन्माच्या वेळचं छोटं दार पुरतं मिटलेलं नसतं. त्या माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. डोळ्यांपुढे चमक येऊन होणाऱ्या अर्धशिशीत हे दार उघडं असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. एरवी फेसाचे बुडबुडे फुप्फुसांत अडकून विरतात. दार उघडं असेल तर काही थेट डाव्या बाजूला जाऊन मेंदूकडे पोचू शकतात. फोमनंतर काहींना थोडा वेळ धूसर दिसतं, नागमोडी रेषा दिसतात, छाती आवळते किंवा कोरडा खोकला येतो. एकदा माझ्याच टेबलावर एका शिक्षिकाबाईंना अर्धा तास ‘काचेवर पाऊस पडल्यासारखं’ दिसत होतं. झोपवून ठेवलं, पाय हलवू दिले नाहीत, गेलं. त्यांनाही अर्धशिशी होती आणि तेव्हा मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून विचारल्याशिवाय सिरिंज हातात घेत नाही. क्वचित, अगदी क्वचित, पक्षाघाताच्या घटनाही नोंदलेल्या आहेत.

याचा अर्थ फोम तुम्हाला वर्ज्य असा नाही. ते दार उघडं असल्याचं आधीच माहीत असेल आणि त्याचा त्रास झालेला असेल, तर फोम देऊच नये. नुसती अर्धशिशी असेल तर डॉक्टरांनी फायदा-तोटा तोलून ठरवायचं. द्यायचा झाला तर थोडा द्यायचा, नंतर बराच वेळ स्वस्थ पडून राहायचं. पण मुख्य शिरेला लेझर किंवा आरएफ आणि फांद्या बारीक हुकने काढून टाकणं, हा फेस न वापरण्याचा रस्ता तुमच्यासाठी उघडा आहे. दोन्ही कामं जागेवरच्या भुलेवर होतात. अर्धशिशीवर नेमकी कुठली गोळी घेता तेही सांगा. अजून एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही पण आपल्याकडे घरोघरी चालतं: गणपतीत किंवा एखाद्या पूजेला पाळी पुढे ढकलायची गोळी. गर्भनिरोधक गोळ्या असोत की ही, हार्मोन्सच्या गोळ्यांनी गुठळी व्हायचा धोका वाढू शकतो, आणि चमकवाल्या अर्धशिशीत इस्ट्रोजेनच्या गोळ्या मुळातच घेऊ नयेत असं सांगतात. घेत असाल तर इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

जाऊबाईंचा पट्टा. फोमनंतर असा तपकिरी डाग पुष्कळांना पडतो. कारण तेच, कातडीत उरलेलं लोह. बहुतेकांचा वर्षभरात फिका होत जातो, काहींचा चिकटून बसतो. बंद शिरेत गोठलेलं रक्त अडकून राहिलं की तिथे कडक, दुखरी गाठ लागते आणि डागही गडद होतो. दोन-तीन आठवड्यांनी बोलावून सुईने ते रक्त काढलं तर फरक पडतो. त्यासाठी परत तपासायला बोलावणारा डॉक्टर लागतो. शिरा परत आल्या त्या मात्र दोनपैकी एका कारणाने: फेसाने बंद केलेली शीर उघडली, किंवा जांघेतली गळती तशीच ठेवून फक्त खालच्या गाठींत इंजेक्शनं दिली. वरचा नळ चालू ठेवून खाली फडकं मारल्यासारखं. त्यांची डॉपलर झाली होती का, विचारा. नसावी, असं मला वाटतं.

कुठलाही उपाय केलात तरी टेबलावरून उतरल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटं चालायचं, मग घरी. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. दाबाचे लांब मोजे डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घालायचे. केंद्र दोन-तीन दिवस कुणावर तरी सोपवा; नंतर काम करा, पण आठवडाभर सलग उभं राहणं नको. पोटरी अचानक सुजून टणक झाली, धाप लागली, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा एक हात ढिला पडला, तर ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांच्या फोनची वाट न बघता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं.

उपाय होईपर्यंतही मोजे घाला. गुडघ्यापर्यंतचे पुरतात. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचे, नाहीतर शिरा भरल्यावर ते चढता चढत नाहीत आणि बायका दुसऱ्या दिवशी ते कपाटात टाकतात. मधुमेह असेल किंवा पाय थंड पडत असतील तर आधी पायाच्या नाड्या तपासून घ्यायच्या. क्रेप बँडेज गुडघ्याखाली करकचून बांधायचं नाही. त्याने उलट अडवणूक होते. तव्याशेजारी एक उंच स्टूल ठेवा, भाजायचं काम बसून होतं. लाटताना दर चार-पाच पोळ्यांमागे टाचा दहा वेळा वर-खाली करा, पोटरीचा पंप चालतो. दुपारी केंद्र बंद झाल्यावर पाय उशीवर, छातीच्या वर. एवढ्याने झडप दुरुस्त होणार नाही, पण संध्याकाळचा जडपणा उतरेल.

वांगं-बटाटा खुशाल खा. वजन आणि बद्धकोष्ठता सांभाळा, बाकी खाण्याचा यात हात नाही. जळवा नकोत. जळू थोडं रक्त ओढते, दाब तासभर हलका वाटतो, झडप आहे तिथे तशीच गळत राहते. आणि तुमच्या घोट्याची ती कातडी चावा सहन करण्याच्या अवस्थेत नाही. रक्त ‘वाईट’ नाहीये ताई. वाट चुकलेलं आहे.

एक धोका तुम्हाला कुणी सांगितला नसेल. घोट्यापाशी एखादी गाठ निळसर, पातळ पापुद्र्याखाली टपोरी झाली असेल तर ती नखाने किंवा गरम पाण्याच्या अंघोळीतही फुटू शकते आणि रक्ताची चिळकांडी उडते. घाबरून माणूस उभा राहतो किंवा खुर्चीत बसतो, आणि तिथेच चुकतं. लगेच आडवं व्हायचं, पाय भिंतीला टेकवून उंच करायचा, स्वच्छ फडक्याने बरोबर त्या जागेवर दहा मिनिटं दाबून धरायचं. मांडीला दोरी बांधायची नाही. रक्त थांबतं. मग दवाखाना. हे घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.

पैशांचं. मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसी काढून बघा. पुष्कळ पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्सला पहिली दोन वर्षं थांबायची अट असते. ‘सौंदर्यासाठी’ केलेल्या उपचाराला पैसे मिळत नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कातडीतला बदल आणि ती चौथी पायरी लिहिलेली असू दे. आम्ही ‘सी-४’ लिहितो. मेडिक्लेम नसेल तर मिरज तुमच्या उशाशी आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत पाय दाखवा, आणि फुले जनआरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. खाजगीत गेलात तर भाव विचारताना एक विचारा: फोमच्या किती बैठका या पैशांत, आणि शीर परत उघडली तर पुढच्या बैठकीचे किती? तिप्पट वाटणारा फरक तिथे बराच कमी होतो.

डॉपलर मात्र याच आठवड्यात करा. उपाय दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी उरकल्या की करून घ्या; थंडीत मोजे सहन होतात, सांगलीच्या मे महिन्यात होत नाहीत. रिपोर्ट हातात आला की त्यातल्या तीन गोष्टी मला कळवा: खोल शिरा मोकळ्या आहेत का, गळती कुठून सुरू होते, आणि जांघेपाशी शीर किती मिलिमीटर. जाऊबाईंनाही बरोबर न्या, एका फेरीत दोघींचं होईल.